वकिलानं उचललेला भंडार

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही. सोलापुरातल्या एका वकिलावर मी आठ वर्षं दात धरून होतो आणि आठ वर्षांनी त्याची भर गावात जिरवली. तीच हकीकत इथं लिहितो आहे. वाचून कुणी मला भला माणूस म्हणावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

आमचं गाव सोलापूरच्या दक्षिणेला पाच कोसांवर, सीना ओलांडून पलीकडं. आम्ही धनगर. बाची चाळीसेक मेंढरं होती. त्यांच्यामागं हिंडून हिंडून बाला आसपासच्या वीस गावांतला एकूणएक जुना दगड माहीत झाला होता. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण कुठल्या बांधावर कानडी अक्षरांची शिळा उताणी पडली आहे, कुठल्या विहिरीच्या पायरीला फारसी लिहिलेली फरशी उलटी बसवली आहे, कुठल्या ओढ्यात सतीच्या दगडावरचा बांगड्या भरलेला हात गाळात रुतला आहे, सगळं त्याला तोंडपाठ. शिवाय कुठला दगड कुठल्या वेळेला बघायचा हेही त्यालाच ठाऊक. भर दुपारी कुणी बघायला आलं तर तो चक्क नकार द्यायचा. म्हणायचा, "आत्ता त्यो मुका हाय. उन्हं तिरपी हुंद्या, मग बोलंल." आणि खरंच, उन्हं कलली की घोंगडीच्या टोकानं दगड पुसून तो त्यावर मूठभर राख चोळायचा, आणि जिथं काही नव्हतं तिथं ओळीच्या ओळी उठून दिसायच्या.

मी तेव्हा व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन सोलापुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकताच मास्तर लागलो होतो. बा बाजारात लोकर घेऊन आला असताना कुणीतरी त्याची आणि वकिलाची गाठ घालून दिली. वकिलाला जुन्यापान्याचा नाद होता. कोट, पगडी, गळ्यात कॅमेरा, आणि बोलणं साखरेसारखं. "तुम्ही म्हणजे चालताबोलता ग्रंथ आहात," असं तो बाला म्हणाला होता. कुणी बडा माणूस आपल्याशी असं बोलला हे बा मला पाच वेळा तरी सांगत बसला. त्या माघात चार रविवार त्यानं वकिलाला रानोमाळ हिंडवलं. एका रविवारी मीही बरोबर होतो. वकिलानं माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी बानं त्याला गायवाला दाखवला. गायवाला म्हणजे आमच्या गावच्या वेशीबाहेरचा कमरेइतका उंच दगड. खालच्या कप्प्यात गाईंचा कळप आणि त्यांच्यापुढं तलवार घेऊन उभा असलेला माणूस. मधल्या कप्प्यात त्या माणसाला दोन बायका वर घेऊन चालल्या आहेत. वरच्या कप्प्यात तो पिंडीपुढं हात जोडून बसला आहे. असल्या दगडाला वीरगळ म्हणतात, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. गावाच्या लेखी तो आमच्यातलाच एक धनगर होता, गाई सोडवताना मेलेला. लग्न झालं की नवरानवरी आधी त्याच्या पायाशी जायची आणि कळपातल्या एका वासराच्या मानेला हळद लावायची. शेकडो वर्षं हळद लावून लावून त्या वासराची मान पार झिजून गेली होती. धड होतं, पाय होते, मुंडकं नव्हतं.

जाताना वकिलानं बाला आपली काळी छत्री दिली. "उन्हातान्हात हिंडता, राहू द्या," म्हणाला. धनगराला ऊन आणि पाऊस दोन्हीला घोंगडी पुरते. बानं आयुष्यात छत्री हातात धरली नव्हती. पण कुणी प्रेमानं दिलं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं घेतली.

पुढच्या गुरुवारी गायवाला गेला. ज्वारीची काढणी चालू होती, दुपारचं सगळं गाव रानात होतं. संध्याकाळी बाया परतल्या तेव्हा तिथं नुसता खड्डा होता आणि बैलगाडीची चाकोरी सडकेकडं गेलेली होती.

आता कुणीही म्हणेल, मग वकिलाला धरायचं. पण गाव काय म्हणालं? एवढा मोठा वकील दगड चोरंल व्हय? त्याला काय कमी हाय? नक्कीच कुणीतरी इकला असणार. आणि चार रविवार त्याच्याबरोबर कोण हिंडत होतं? छत्री मिरवत कोण आलं? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

बिरोबाच्या देवळापुढं गाव बसलं. मी सुट्टी काढून गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. देवळाचा पुजारी म्हणजे बाचा सख्खा चुलतभाऊ. त्यानं ताटात बेलाचं पान आणि भंडार, म्हणजे देवाची हळद, ठेवून ताट बापुढं सारलं. आमच्यात भंडार उचलून कुणी खोटं बोलत नाही. खून केलेला माणूससुद्धा तिथं ताटापुढं मान खाली घालतो. पुजारी म्हणाला, "भंडार उचल आन् म्हन, ह्या दगडापायी मी त्या मानसाकडनं कायबी घेतलं न्हाय."

बाचा हात ताटापर्यंत गेला. मग मागं आला. तो उठला, देवळाच्या भिंतीला टेकवलेली छत्री आणली आणि ताटाशेजारी ठेवली. "ही घेतलीया," म्हणाला. "दगड दावला म्हनून दिली. कायबी घेतलं न्हाय असं मी कसं म्हनू?"

मी पुढं होऊन ओरडलो की अहो, विकला का ते विचारा, छत्रीचं काय घेऊन बसलात. पुजाऱ्यानं मला गप्प बसवलं. भंडारापुढचा सवाल एकदाच होतो, तो बदलत नाहीत. उचलला तर खरा, नाही उचलला तर खोटा. वकिलानं नेला असेल असंही बा म्हणाला नाही. मी त्याला खुणावत होतो. तो म्हणाला, "म्या बगितलं न्हाय, कसं म्हनू?" असल्या माणसाला काय करायचं सांगा. गावानं त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्याला कुणी द्यायचं नाही, जत्रेत ढोलाला हात लावू द्यायचा नाही.

बानं मेंढरं काढून टाकली आणि आईला घेऊन तो सोलापुरात माझ्याकडं चाळीत आला. गिरणीत त्याला कापसाचा कचरा झाडायचं काम मिळालं. उघड्या माळावर वाढलेला माणूस त्या धुरळ्यात दोन वर्षांत खोकायला लागला. छत्री खुंटीला टांगलेली होती. त्यानं ती एकदाही उघडली नाही आणि मलाही उघडू दिली नाही.

गायवाला कुठं आहे हे मी चारच महिन्यांत शोधून काढलं. शाळेच्या बक्षीस समारंभाचं आमंत्रण द्यायचं निमित्त करून मी वकिलाच्या बंगल्यावर गेलो. बागेत मोगऱ्याच्या वाफ्याजवळ, चुन्याच्या चौथऱ्यावर तो उभा होता. घासून स्वच्छ केलेला. हळदीचा, तेलाचा डागसुद्धा ठेवला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वकिलानं मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही.

बाला सांगितलं तर म्हणाला, "मी इचारतो त्याला नीट." तीनदा गेला. तिसऱ्यांदा फाटकावरच्या गड्यानं सांगितलं, "साहेब असल्या कुठल्या धनगराला वळखत न्हाईत." बा उन्हातनं घरी चालत आला आणि आईला म्हणाला, "जाऊ दे, चुना लावून हुभा तरी क्येलाय." त्याचं तिथं संपलं. माझं तिथं सुरू झालं.

गावाला सांगून उपयोग नव्हता. मी पुजाऱ्याला सांगितलं होतं, तर तो म्हणाला, "मंग झालंच की. इकल्याबिगर तितं ग्येला कसा?" म्हणजे दगड सापडून भागत नव्हतं. वकिलानं तो चोरून नेला हे वकिलाच्याच तोंडून गावासमोर यायला हवं होतं. वाघाच्या तोंडात हात घालून दात मोजायचा प्रकार. मी थांबलो. दरम्यान बाकडून एकेक दगड समजून घेतला, वेळा शिकलो, राख चोळायला शिकलो, आणि जन्मभरात त्याला जे कुणी मानलं नाही ते मला लोक चार वर्षांत मानायला लागले. मास्तरला जुन्या दगडांतलं कळतं असा शहरात बोभाटा झाला. तो मीच केला होता.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठल्याच्या पुढच्या हिवाळ्यात हेडमास्तरांनी मला बोलावलं. वकिलाकडं पुण्याहून एक प्राध्यापक उतरले होते. त्यांना आडबाजूची ठिकाणं बघायची होती, दाखवायला माणूस हवा होता. मी हात जोडून म्हटलं, "आनंदानं." खरं तर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सकाळी बंगल्याच्या बागेतच चहा झाला. प्राध्यापक साधे, वयस्क, हातात कायम पेन्सिल आणि वही. गायवाला दिसताच ते खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले आणि चित्र काढू लागले. मी सुचवलं, "वासराची झिजलेली मान तेवढी नीट घ्या, असं दुसरीकडं नाही." त्यांनी नीट घेतली. मग मी भाबडा चेहरा करून वकिलाला विचारलं, "साहेब, एवढा जड दगड गावानं देऊन कसा टाकला?"

वकील खूश होऊन हसला. "गावाला विचारतंय कोण? मंगळवेढ्याकडचं कुठलं तरी खेडं. सुगीत गाव ओस, चार गडी पाठवले, गाडीत घालून आणला. एका अडाण्यानं जागा दाखवली, त्याला जुनी छत्री दिली, तो खूश."

प्राध्यापक हसले नाहीत. मी हसलो. अगदी मनापासून हसलो, खोटं कशाला बोलू.

आधी मी त्यांना शहरातलंच दाखवलं. सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांपैकी एक, कोष्ट्यांच्या बोळात, तेलुगू बोलणाऱ्या बायका त्याच्यावरच्या दोरीला रंगवलेलं सूत वाळत घालायच्या ते. मग किल्ल्यातलं निम्मं जमिनीत गाडलेलं देऊळ. मग टांग्यातून दक्षिणेला. विजापूरच्या सडकेनं न जाता मी आडवाटेनं नेलं. वाटेत एक कानडी शिलालेख होता, त्याला लिंगायतांच्या घरातली म्हातारी देवी समजून रोज फूल वाहायची. प्राध्यापकांनी तिला वाचून दाखवलं की आजी, हे देवळाला जमीन दिल्याचं लिहिलं आहे. ती म्हणाली, "असंल की. म्हनूनच द्यायची ताकद हाय तिच्यात." मी प्रत्येक ठिकाणी थांबत, वेळ काढत चाललो होतो. मला गावात उन्हं तिरपी व्हायच्या सुमाराला पोचायचं होतं. बा तसंच करायचा.

सीना उतरून आम्ही वरच्या अंगानं गावात शिरलो. वेशीपाशी येईपर्यंत वकिलाला जागा ओळखू आली नाही. आली तेव्हा तो घड्याळ बघायला लागला. "मास्तर, इथं काही विशेष दिसत नाही. फिरू मागं."

"विशेष आहे की," मी म्हटलं, "रीत आहे इथं एक."

ती रीत मला ठाऊक होती, म्हणूनच हा खटाटोप. गायवाला गेल्यापासून गावानं नेम केला होता. परका माणूस त्या खड्ड्यापाशी आला की पुजारी ताट घेऊन यायचा. परक्यानं भंडार उचलायचा आणि म्हणायचं, हितलं काय नेलं न्हाय, नेणार न्हाय. मगच त्याला पाणी मिळायचं. खड्डा बुजवलेला नव्हता. त्याच्या कडेला रोज दिवा लागत होता.

पुजारी आला. पारावरची पंधरावीस माणसंही आली. आठ वर्षांपूर्वी वकिलाला गावानं लांबूनच पाहिलं होतं, त्यामुळं कुणी त्याला ओळखलं नाही. प्राध्यापकांनी विचारलं इथं काय होतं, तर पुजारी एवढंच म्हणाला, "आमचा द्येव हुता. आमच्यातल्याच एकानं इकला." मी तिथंच उभा होतो. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. प्राध्यापकांनी जोडे काढले, सांगितलं तसं म्हटलं आणि भंडार कपाळाला लावला.

ताट वकिलापुढं आलं. खरं सांगतो, त्या क्षणाला मला भीती वाटली. हा माणूस घाबरून कबूल झाला असता, पाया पडला असता, तर गावानं त्याला माफ करून गूळपाणी दिलं असतं. मला ते नको होतं. पण वकील प्राध्यापकांकडं बघून जरासा हसला, खेडवळ चालीरीतीला हसतात तसा, आणि त्यानं चिमूटभर भंडार उचलला. "इथलं काही नेलं नाही, नेणार नाही." म्हणून बोटं रुमालाला पुसली.

एका छत्रीपायी ज्या ताटापासून बाचा हात मागं आला होता, तेच ते ताट.

मी प्राध्यापकांना म्हटलं, "साहेब, तुमची वही या म्हाताऱ्यांना दाखवा ना. त्यांना चित्रांची हौस आहे." त्यांनी कौतुकानं पुजाऱ्याच्या हातात वही दिली. पुजारी पानं उलटत गेला. शिलालेख. गाडलेलं देऊळ. मग त्याचा हात थांबला. त्यानं ते पान डोळ्यांजवळ नेलं, झिजलेल्या वासरावर अंगठा ठेवला आणि वही शेजारच्याकडं दिली. वही हातोहात फिरली आणि प्रत्येकाचा अंगठा त्याच जागी गेला.

"ह्यो कुटं हाय?" पुजाऱ्यानं विचारलं.

प्राध्यापक सज्जन माणूस. त्यांनी एकदा खड्ड्याकडं पाहिलं, एकदा वकिलाकडं, आणि सकाळचं सगळं सांगितलं. गडी, गाडी, सुगी. "कुणी विकला नाही," ते म्हणाले, "जागा दाखवणाऱ्याला एक छत्री दिली फक्त, असं हेच मला म्हणाले." वकील मध्येच म्हणाला, "अहो, रानात पडलेला दगड होता तो, त्यात एवढं काय." तेवढ्यानं उरलंसुरलंही पुरं झालं.

त्याला कुणी हात लावला नाही. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, त्यानं पाणी मागितलं. पंधरावीस माणसं उभी होती, विहीर समोर होती, कुणी जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा मीच म्हणालो, "साहेब, इथं वाळीत टाकलेल्याला पाणी देत नाहीत. माझ्या बापाला आठ वर्षं दिलं नाही." तेव्हा त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या बघण्यासाठी मी आठ वर्षं काढली होती आणि ते मला पुरेपूर गोड लागलं. प्राध्यापकही पाणी न पिता टांग्यात बसले.

आठवड्याच्या आत वकिलानं गायवाला गाडीत घालून परत पाठवला. गावातली पाच माणसं पुजाऱ्यासह आमच्या चाळीत आली. पुजारी बाच्या पायाला हात लावून म्हणाला, "चुकलं आमचं. चल घरी." आई पदर तोंडाला लावून रडत होती. बा खोकत उठून बसला. मीच पुढं होऊन सगळी हकीकत सांगितली, चहापासून पाण्यापर्यंत. रंगवून सांगितली.

बानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यो खोटा भंडार उचलंल, ह्ये तुला ठावं हुतं?"

"अंदाज होता."

"आन् तरीबी न्येलंस."

"त्याचसाठी नेलं."

बानं खुंटीवरच्या छत्रीकडं पाहिलं. "भंडार म्हंजी काय उंदराचा सापळा हाय व्हय रं?" म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "म्या आठ वरसं कशापायी काडली मग?" पाची माणसं खाली बघत होती. मला त्याचा राग आला. ज्याच्यासाठी केलं तोच असं बोलतो म्हटल्यावर कुणाला येणार नाही? मी त्याला तसं म्हटलंही. त्यानं एवढंच सांगितलं की आधी ही छत्री ज्याची त्याला देऊन ये, मग मी गावाला निघतो.

मी गेलो. बागेत चौथऱ्याचा मोकळा चुना होता, मधोमध दगडाची खाच. त्या खाचेत मी छत्री उभी रोवली आणि परत फिरलो. वकील ओट्यावर उभा राहून बघत होता. ते दृश्य आठवलं की आजही मला बरं वाटतं.

गावात गायवाल्याला तेल घातलं, हळद लावली. भंडाराचं ताट पुजाऱ्यानं मानानं बाच्या हातात दिलं. बा एकेकाच्या कपाळाला लावत चालला. ज्यांनी त्याला वाळीत टाकलं त्या सगळ्यांना लावला. माझ्यापाशी आला, क्षणभर थांबला आणि माझ्या पलीकडच्या माणसाकडं वळला.

बा आणखी तीन वर्षं जगला. माझ्याशी बोलायचा, हसायचा, माझ्या पोरांना दगडांच्या वेळा शिकवायचा. पण तिन्ही जत्रांना माझं कपाळ कोरडं राहिलं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तो गेला तेव्हा मुलगा म्हणून त्याच्या कपाळाला भंडार मी लावायचा होता. पुजाऱ्यानं ताट माझ्यापुढं धरलं. वकिलाची जिरवली याचं मला तेव्हाही वाईट वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. माझा हात ताटापर्यंत गेला आणि मागं आला.

पुजाऱ्याला म्हटलं, "तुम्हीच लावा."